आधी प्रश्न नीट वाचावा
(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यान. विषय : रक्तातील ट्यूमर मार्कर आणि कर्करोगाचे उपचार)



साठ वर्षांपूर्वी पाटी-पेन्सिल घेऊन ज्यांनी या शाळेच्या पहिल्या वर्गात पाऊल टाकले, त्यांनी आज पासष्टी ओलांडली आहे. महाराष्ट्रापासून दूर मराठीतून मुळाक्षरे गिरवलेले हे विद्यार्थी नोकरी-व्यवसायाच्या निमित्ताने भारतभर पांगले. स्नेहसंमेलनाला ते एकत्र येतात तेव्हा पहिला तास गुरुजींच्या आठवणींत जातो आणि दुसरा तास गुडघे, साखर आणि रक्तदाब यांच्या चर्चेत. अलीकडे त्या चर्चेत एका नव्या विषयाची भर पडली आहे. मुलाने किंवा सुनेने वाढदिवसाला भेट दिलेल्या ‘संपूर्ण आरोग्य तपासणी’च्या अहवालात साखर, कोलेस्टेरॉल, थायरॉइड यांच्या खाली ‘कॅन्सर मार्कर’ अशा दोन-तीन ओळी असतात. त्यांतला एखादा आकडा ठळक अक्षरांत छापून आला की त्या रात्री घरात कोणाला झोप लागत नाही. आकडा मर्यादेत असला तर कर्करोग नाही याची पावती मिळाली, असे समजून सगळे निश्चिंत होतात.

या दोन्ही प्रतिक्रिया बहुतेक वेळा चुकीच्या असतात. तरीही याच चाचण्या कर्करोगाच्या उपचारांत काही रुग्णांचे प्राण वाचवतात. तीच चाचणी एका ठिकाणी दिशाभूल करते आणि दुसऱ्या ठिकाणी तारते, असे का व्हावे? त्याचे उत्तर शाळेतल्याच एका सूचनेत आहे. परीक्षेच्या दिवशी वर्गात पर्यवेक्षक सांगत, ‘आधी प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा.’ ट्यूमर मार्करचा आकडा हे एक उत्तर असते. ते कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे, यावर त्याची किंमत ठरते.

ट्यूमर मार्कर म्हणजे अर्बुदाच्या पेशी जे द्रव्य तयार करतात, किंवा अर्बुदामुळे शरीर जे तयार करते, आणि जे रक्तात वा लघवीत मोजता येते, असे द्रव्य. ही कल्पना बरीच जुनी आहे. १८४५ साली लंडनमध्ये हाडांच्या तीव्र वेदनांनी त्रस्त झालेल्या एका व्यापाऱ्याच्या लघवीचा नमुना हेन्री बेन्स जोन्स या वैद्य-रसायनज्ञाकडे आला. त्या लघवीत एक विचित्र प्रथिन होते. उष्णता दिली की ते विरघळे आणि थंड झाले की पुन्हा साकळे. रुग्ण काही महिन्यांतच दगावला. मायलोमा या अस्थिमज्जेच्या कर्करोगाचे ते चिन्ह होते, हे पुढे स्पष्ट झाले. त्याच प्रथिनाचे घटक आज मायलोमाच्या रुग्णांच्या रक्तात मोजले जातात.

आधुनिक मार्करांचा इतिहास मात्र या शाळेच्याच वयाचा आहे. १९६३ साली सोव्हिएत शास्त्रज्ञ गारी अबेलेव यांना यकृताचा कर्करोग झालेल्या उंदरांच्या रक्तात एक असे प्रथिन आढळले, जे एरवी केवळ गर्भावस्थेत तयार होते. पुढल्याच वर्षी युरी तातारिनोव यांनी ते माणसात दाखवले. हेच अल्फा-फीटोप्रोटीन, म्हणजे एएफपी. १९६५ साली कॅनडातील माँट्रियल येथे फिल गोल्ड आणि सॅम्युएल फ्रीडमन यांनी मोठ्या आतड्याच्या कर्करोगात आणि गर्भाच्या आतड्यात सारखेच आढळणारे सीईए हे प्रथिन शोधले. आता रक्ताच्या एका थेंबात कर्करोग ओळखता येईल, अशी मोठी आशा त्या काळी निर्माण झाली.

ती आशा फार काळ टिकली नाही. सीईए धूम्रपान करणाऱ्यांच्या रक्तातही वाढलेले दिसले. यकृताचे विकार आणि आतड्यांची दीर्घकालीन सूज यांतही ते वाढते, हे लक्षात आले. याचे कारण कर्करोगाच्या स्वरूपातच दडलेले आहे. जंतू बाहेरून येतो, त्यामुळे त्याची खूण परकी असते आणि ती ओळखता येते. कर्करोगाची पेशी घरचीच असते. तिच्याजवळ शरीराचीच जनुके असतात, आणि ती जी प्रथिने बनवते ती शरीराने कधी ना कधी, कुठे ना कुठे बनवलेलीच असतात. म्हणून केवळ कर्करोगातच सापडेल आणि प्रत्येक कर्करोगात सापडेल, असे द्रव्य हाती लागणे कठीण ठरले.

आता पहिला प्रश्न घेता येईल. प्रकृती ठणठणीत असलेल्या, कोणतेही लक्षण नसलेल्या व्यक्तीला कर्करोग आहे का, हे मार्करवरून कळते का? सीए-१२५ या चाचणीच्या उदाहरणातून ते चांगले समजते. १९८१ साली बॉस्टनमध्ये रॉबर्ट बास्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बीजांडकोशाच्या कर्करोगाच्या पेशींना चिकटणारे एक प्रतिपिंड तयार केले. त्यातून ही चाचणी निघाली. रक्तात ३५ युनिटपर्यंतचे प्रमाण सामान्य मानले जाते. परंतु मासिक पाळी, गर्भारपण, गर्भाशयातील गाठी, एंडोमेट्रिओसिस, ओटीपोटातील जंतुसंसर्ग आणि यकृताचा सिरोसिस या सगळ्यांत हा आकडा वाढू शकतो.

येथे शाळेतले शेकडेवारीचे गणित उपयोगी पडते. समजा, लक्षणे नसलेल्या दहा हजार स्त्रियांची तपासणी केली आणि त्यांपैकी पाच जणींना खरोखर हा कर्करोग आहे. समजा, चाचणीही उत्तम आहे. ती रोग असलेल्या दहांपैकी आठ जणींना पकडते आणि निरोगी शंभरांपैकी फक्त एकीच्या बाबतीत चुकते. मग पाच रुग्णांपैकी चौघी सापडतील. उरलेल्या ९,९९५ निरोगी स्त्रियांपैकी सुमारे शंभर जणींचा आकडाही वाढलेला येईल. म्हणजे ठळक अक्षरांतला अहवाल हाती पडलेल्या १०४ जणींपैकी १०० जणींना कर्करोग नाहीच. नव्याण्णव टक्के अचूक अशी जाहिरात करता येईल असे यंत्रही येथे तोकडे पडते. दोष यंत्राचा नाही. रोग विरळा असला आणि तपासणी सरसकट केली की असे होणारच.

ही भीती केवळ कागदावरची नाही. अमेरिकेत ७८ हजारांहून अधिक स्त्रियांचा एक मोठा अभ्यास झाला. त्यात निम्म्या स्त्रियांची दरवर्षी सीए-१२५ आणि सोनोग्राफी केली गेली, आणि २०११ साली निष्कर्ष जाहीर झाले. तपासणी केलेल्या गटात मृत्यू कमी झाले नाहीत. ३,२८५ स्त्रियांना कर्करोग नसताना तो असल्याची शंका दाखवली गेली. त्यांपैकी १,०८० जणींवर शस्त्रक्रिया झाली आणि १६३ जणींना गंभीर गुंतागुंतीला सामोरे जावे लागले. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर याहूनही काटेकोर पद्धतीने अभ्यास झाला. त्यात एका आकड्याऐवजी वर्षानुवर्षांच्या आकड्यांचा कल पाहिला होता. त्या पद्धतीने रोग काहीसा लवकर सापडला, पण २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अंतिम निष्कर्षांत मृत्यूंची संख्या घटलेली दिसली नाही.

भारतात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे, तो म्हणजे क्षयरोग. उदरपोकळीच्या क्षयरोगात पोटात पाणी साठते, वजन घटते, सोनोग्राफीत गाठीसारखी सावली दिसते आणि सीए-१२५ शेकड्यांत जाते. चित्र हुबेहूब पसरलेल्या बीजांडकोशाच्या कर्करोगाचे. घरातली मंडळी मनाने खचतात, आणि दूरच्या शहरातला भाऊ रजा टाकून निघतो. मग पोटातल्या ऊतीचा तुकडा तपासला जातो आणि क्षयरोगाच्या गाठी दिसतात. काही महिन्यांच्या औषधोपचाराने बाई पुन्हा कामाला लागते, तिचा आकडाही खाली येतो. अशा रुग्णांच्या नोंदी भारतीय वैद्यकीय साहित्यात वारंवार आलेल्या आहेत. ऊतीचा तुकडा तपासल्याशिवाय केवळ मार्करवरून कर्करोगाचे निदान करू नये, हा नियम पाळला नाही तर काय होईल, ते यावरून समजते. या नियमाला फारच थोडे अपवाद आहेत, आणि ते तज्ज्ञांनीच ठरवायचे असतात.

सामान्य आकड्याने मिळणारा दिलासाही तितकाच कच्चा असतो. बीजांडकोशाच्या कर्करोगाच्या प्रारंभीच्या अवस्थेत सुमारे निम्म्या स्त्रियांचे सीए-१२५ वाढलेले नसते. स्वादुपिंडाच्या कर्करोगासाठी वापरले जाणारे सीए १९-९ हे द्रव्य काही माणसांचे शरीर त्यांच्या रक्तगटाच्या एका विशिष्ट प्रकारामुळे तयारच करू शकत नाही. अशा व्यक्तीचा कर्करोग कितीही वाढला तरी हा आकडा शांत राहतो. याउलट पित्तनलिकेत खडा अडकून कावीळ झाली, तर कर्करोग नसतानाही तो भडकतो. शौचावाटे रक्त जात असताना ‘सीईए नॉर्मल आहे’ म्हणून कोलोनोस्कोपी पुढे ढकलणे, किंवा स्तनात गाठ लागत असताना सीए १५-३ करून स्वस्थ बसणे, ही दिलाशाची फार महाग किंमत ठरते. लक्षणाची तपासणी त्या लक्षणाच्या जागी करावी लागते. रक्तातला आकडा तिला पर्याय होत नाही.

पुरुषांच्या पीएसए चाचणीची गोष्ट थोडी वेगळी आहे, आणि या सभागृहातील पहिल्या तुकड्यांशी तिचा थेट संबंध आहे. पीएसए हे प्रोस्टेट ग्रंथीचे प्रथिन आहे. ते कर्करोगाचे नाही, ग्रंथीचे आहे. वयोमानाने ग्रंथी वाढली, तिला जंतुसंसर्ग झाला, लघवीसाठी नळी घातली, तरी हा आकडा वाढतो. ग्रंथी आक्रसण्यासाठी दिले जाणारे फिनास्टेराइड हे औषध काही महिने घेतल्यास तो सुमारे निम्मा होतो. म्हणून ते औषध चालू असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगावे लागते. शिवाय प्रोस्टेटचे अनेक कर्करोग इतके मंदगती असतात की माणूस त्यांच्यासह जगतो आणि दुसऱ्याच कारणाने जातो. असा कर्करोग शोधून काढला आणि त्यावर शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार केले, तर लघवीवरचे नियंत्रण आणि वैवाहिक जीवन यांवर परिणाम होण्याचा धोका पदरी पडतो.

युरोपातील मोठ्या अभ्यासात सोळा वर्षांच्या पाठपुराव्यानंतर असे दिसले की, ५७० पुरुषांना पीएसए तपासणीसाठी बोलावले तर प्रोस्टेटच्या कर्करोगाचा एक मृत्यू टळतो. लाभ आहे, पण तो असा मोजूनमापून मिळतो. म्हणूनच अमेरिकेतील सल्लागार मंडळाने २०१२ साली ही तपासणी सरसकट करू नये असे म्हटले आणि २०१८ साली भूमिका बदलली. ५५ ते ६९ वर्षे वयाच्या पुरुषांनी लाभ-हानी समजून घेऊन डॉक्टरांशी बोलून स्वतः निर्णय घ्यावा, आणि सत्तरीनंतर सरसकट तपासणी करू नये, असे मंडळाने सुचवले. हल्ली आकडा वाढलेला आला तर तो पुन्हा तपासतात, अनेक ठिकाणी आधी एमआरआय करतात आणि मगच बायोप्सीचा विचार होतो. मंदगती कर्करोग सापडला तर लगेच शस्त्रक्रिया न करता नियमित देखरेख ठेवणे, हाही मान्य मार्ग आहे.

दुसरा प्रश्न अगदी निराळा आहे. कर्करोगाचे निदान झाले आहे, उपचार सुरू आहेत, तर ते लागू पडत आहेत का? शरीरात काही शिल्लक आहे का? येथे मार्करचे खरे काम सुरू होते.

याचा पहिला धडा एका धाडसी डॉक्टरने घालून दिला, आणि त्याची किंमतही मोजली. कोरिओकार्सिनोमा हा वारेच्या पेशींपासून होणारा कर्करोग. बाळंतपणानंतर, गर्भपातानंतर किंवा द्राक्षगर्भानंतर तो तरुण स्त्रियांना होतो. १९५० च्या दशकापर्यंत तो फुप्फुसांत पसरला की मृत्यू जवळजवळ ठरलेला असे. या पेशी एचसीजी हे संप्रेरक सोडतात. घरगुती गर्भचाचणीच्या पट्टीवर दुसरी रेघ उमटवणारे द्रव्य हेच. १९५६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत मिन चिउ ली आणि रॉय हर्ट्झ यांनी अशा रुग्णांना मेथोट्रेक्सेट हे औषध दिले. आंध्र प्रदेशात जन्मलेले शास्त्रज्ञ यल्लाप्रगडा सुब्बाराव ज्यांचे नेतृत्व करत होते, त्या लेडर्ले कंपनीच्या प्रयोगशाळांतून हे औषध निघाले होते. औषधाने क्ष-किरण चित्रातले फुप्फुसांतील डाग नाहीसे झाले आणि रुग्ण हिंडूफिरू लागल्या.

पण ली यांनी औषध थांबवले नाही. डोळ्यांना दिसणारा रोग गेला असला, तरी एचसीजी अजून पूर्ण उतरलेले नाही, म्हणजे कुठेतरी पेशी जिवंत आहेत, असा त्यांचा तर्क होता. आकडा शून्याजवळ येईपर्यंत ते औषध देत राहिले. औषध विषारी होते. दिसायला बऱ्या झालेल्या स्त्रीला केवळ एका आकड्यासाठी आणखी विष देणे वरिष्ठांना मान्य झाले नाही, आणि ली यांना संस्था सोडावी लागली. पुढे जे दिसले त्याने त्यांचा तर्क खरा ठरवला. औषध लवकर थांबवलेल्या स्त्रियांत रोग परतला, तर एचसीजी सामान्य होईपर्यंत ज्यांना औषध मिळाले त्या बऱ्या झाल्या. प्रौढांमधील घन अर्बुद केवळ औषधाने बरे होण्याचे ते पहिले उदाहरण मानले जाते. १९७२ साली ली यांना इतर संशोधकांबरोबर लास्कर पुरस्कार मिळाला. आज या रोगाच्या बहुसंख्य स्त्रिया बऱ्या होतात आणि पुढे अनेकींना मुलेही होतात. उपचार कधी थांबवायचा हे आजही एचसीजीवरूनच ठरते. आकडा सामान्य झाल्यावर आणखी काही मात्रा दिल्या जातात, आणि नंतरही ठरावीक काळ तो मोजत राहतात.

तरुण मुलांना होणाऱ्या वृषणाच्या कर्करोगातही हेच तत्त्व चालते. तेथे एएफपी, एचसीजी आणि एलडीएच अशी तीन द्रव्ये मोजतात. एएफपी रक्तातून निम्मे होण्यास पाच ते सात दिवस लागतात, एचसीजीला एक ते दीड दिवस. समजा, शस्त्रक्रियेपूर्वी एएफपी १,६०० होते आणि अर्बुद पूर्ण निघाले. दर सहा दिवसांनी निम्मे या हिशेबाने ते चोवीस दिवसांत १०० च्या आसपास यायला हवे. ते ७०० वरच अडकले, तर स्कॅनमध्ये काही न दिसताही रोग कुठेतरी उरला असण्याची शंका येते. हा रोग पसरल्यावरही बहुतेकदा बरा करता येतो. म्हणून ही शंका वेळेवर येण्याला मोल आहे.

तिसरा प्रश्न उपचार संपल्यानंतरचा. रोग परत येतो आहे का? मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर पहिली दोन-तीन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी आणि पुढे पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी सीईए मोजण्याची पद्धत आहे. येथे उपमा प्रगतिपुस्तकाची द्यावी लागेल. एका घटक चाचणीतल्या गुणांवरून कोणी विद्यार्थ्याचे भवितव्य ठरवत नाही. पहिले सत्र, दुसरे सत्र, वार्षिक परीक्षा असा कल पाहिला जातो. तसेच सीईए २ वरून ३ झाले, यात घाबरण्यासारखे काही नसते. ते २, ४, ७, ११ असे चढत गेले, तर पुन्हा तपासून स्कॅन करावा लागतो. यकृतात किंवा फुप्फुसात एक-दोनच गाठी सापडल्या तर काही रुग्णांमध्ये त्या काढून टाकता येतात. ब्रिटनमधील एका अभ्यासात, अशा नियमित तपासणीमुळे बरे करण्याच्या हेतूने शस्त्रक्रिया करता आलेल्या रुग्णांचे प्रमाण सुमारे २ टक्क्यांवरून ६ ते ७ टक्क्यांवर गेले. आयुर्मानात मात्र स्पष्ट फरक दाखवता आला नाही.

लवकर कळले म्हणजे जास्त जगलो, असे समीकरण प्रत्येक घरात मांडले जाते. बीजांडकोशाच्या कर्करोगाने ते तपासायला लावले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या युरोपीय अभ्यासात, उपचार पूर्ण होऊन बऱ्या दिसणाऱ्या ५२९ स्त्रियांचे सीए-१२५ वाढू लागल्यावर त्यांचे दोन गट केले. एका गटाला लगेच केमोथेरपी दिली. दुसऱ्या गटाला आकडा न सांगता लक्षणे दिसेपर्यंत थांबवले. पहिल्या गटाचा उपचार जवळजवळ पाच महिने आधी सुरू झाला. त्या गटाचे मध्यम आयुर्मान २५.७ महिने निघाले, तर थांबलेल्या गटाचे २७.१ महिने. हा फरक नगण्य होता. आधी उपचार घेतलेल्या स्त्रियांचे दैनंदिन जीवन मात्र लवकर खालावले. केस गळण्याचे, मळमळीचे आणि रुग्णालयाच्या फेऱ्यांचे महिने त्यांच्या वाट्याला आधी आले.

त्यानंतर नवी औषधे आली आहेत. काही रुग्णांमध्ये दुसऱ्या शस्त्रक्रियेचाही विचार होतो, आणि त्यासाठी पाठपुरावा महत्त्वाचा असतो. म्हणून ही चाचणी निरर्थक आहे असा याचा अर्थ नाही. पण लक्षणे नसताना ती करायची की नाही, याविषयी डॉक्टरांशी आधीच बोलणे हा त्या स्त्रीचा अधिकार आहे. दर तीन महिन्यांनी आकड्याची वाट पाहत आठ दिवस अन्न गोड न लागणे, हीसुद्धा एक हानीच आहे. काहींना नियमित आकडा पाहिल्यानेच धीर येतो, तर काहींना न पाहिल्याने. घरच्यांनी आपली काळजी शमवण्यासाठी रुग्णावर चाचणी लादू नये.

प्रयोगशाळेतल्या काही गोष्टीही ध्यानात ठेवायला हव्यात. वेगवेगळ्या यंत्रांवर एकाच रक्ताचा आकडा वेगळा येऊ शकतो. म्हणून पाठपुराव्याची चाचणी शक्यतो एकाच प्रयोगशाळेत करावी. मुलाकडे बेंगळुरूला गेल्यावर तेथे आणि मुलीकडे दिल्लीला गेल्यावर तेथे, अशी करू नये. केस आणि नखांसाठी घेतल्या जाणाऱ्या अनेक गोळ्यांत बायोटिन भरपूर असते आणि त्यामुळे काही चाचण्यांचे निकाल चुकीचे येतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ साली तसा इशारा दिला आहे. आकडा आणि प्रकृती यांचा मेळ बसत नसेल, तर औषधे बदलण्यापूर्वी तो दुसऱ्या पद्धतीने तपासून घ्यावा.

मग निरोगी माणसाने कर्करोगापासून सावध राहण्यासाठी काय करावे? त्याचे एक मोलाचे उत्तर मराठी मुलखानेच जगाला दिले आहे. तत्कालीन उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातील खेड्यांमध्ये तीस ते एकोणसाठ वर्षांच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय आणि बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय यांचा त्यात सहभाग होता. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, एचपीव्ही विषाणूची एकच चाचणी केलेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू आठ वर्षांत सुमारे निम्म्यावर आले. ही रक्ताची चाचणी नव्हती. गर्भाशयमुखाचा नमुना घेऊन ती केली जाते. शेतात राबणाऱ्या, कधी रुग्णालयाची पायरी न चढलेल्या स्त्रियांनी त्या अभ्यासात भाग घेतला, आणि जगभरच्या धोरणांना त्यातून आधार मिळाला.

भारत सरकारच्या कार्यक्रमात तिशीनंतर तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांची तपासणी सांगितली आहे, ती याच विचाराने. त्यासाठी महागडे पॅकेज लागत नाही. तंबाखू सोडण्याइतका मोठा लाभ कोणताही मार्कर देत नाही. ज्यांना यकृताचा सिरोसिस किंवा दीर्घकालीन हिपॅटायटिस-बी आहे, अशांपैकी अनेकांना मात्र दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि बहुधा तिच्याबरोबर एएफपी सांगितली जाते, कारण त्यांचा धोका मुळातच मोठा असतो. घराण्यात बीजांडकोशाचा किंवा स्तनाचा कर्करोग अनेकींना झालेला असल्यास बाजारातली मार्कर चाचणी करण्याऐवजी जनुकीय सल्ला घेणे अधिक उपयोगाचे.

शेवटी, मार्करची चाचणी करण्यापूर्वी कागदावर लिहून न्यावेत असे चार प्रश्न. ही चाचणी कशासाठी : रोग शोधण्यासाठी, उपचार मोजण्यासाठी की रोग परततो का हे पाहण्यासाठी? आकडा वाढला तर पुढचे पाऊल कोणते? आकडा सामान्य आला तर ठरलेली कोणती तपासणी टळणार आहे, आणि ती टळणे योग्य आहे का? उपचारांपूर्वीचा आकडा नोंदवला आहे का, म्हणजे पुढचे आकडे कशाशी ताडून पाहायचे? या चारांची उत्तरे मिळाली तर चाचणी अवश्य करावी. मिळाली नाहीत, तर हात पुढे करण्याआधी डॉक्टरांकडे आणखी पाच मिनिटे मागावीत.

ज्यांच्यावर उपचार चालू आहेत त्यांनी सर्व अहवाल तारखेनुसार एकाच फाइलीत लावून ठेवावेत. पहिल्या पानावर तारीख, आकडा, प्रयोगशाळा आणि त्या दिवशी चालू असलेली औषधे यांचा तक्ता करावा. शाळेत भूगोलाच्या वहीत पर्जन्यमानाचे आलेख ज्यांनी काढले, त्यांना हे अवघड नाही. गाव बदलले, डॉक्टर बदलले, तरी तो तक्ता रुग्णासोबत जातो आणि नव्या डॉक्टरला पहिल्याच भेटीत पूर्ण कहाणी वाचता येते.

शाळेच्या हीरक महोत्सवास आणि तिच्या सर्व विद्यार्थ्यांच्या निरामय आयुष्यास मनःपूर्वक शुभेच्छा.